बाजूला बसायचे दिवस

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे मालनबाईंच्या, पदरात काय पडणार होतं ते आधी सांगते. महिन्याचे चार दिवस. वर्षाचे अठ्ठेचाळीस. चुलीपासून सुटका, धुण्यापासून सुटका आणि सासऱ्यांच्या खाटेपासूनही सुटका. सासऱ्यांना, म्हणजे रावजींना, मिळणार होते महिन्यातले उरलेले दिवस. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना मित्राची शाबासकी. मला काय मिळणार, ते कुणी मोजलंच नव्हतं. सुनेला कोण मोजतं?

सासूला मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडची रीतच तशी. घर आडगाव नाक्याजवळ, सासऱ्यांचं मोटारपंपांचं दुकान शहरातच, द्वारकेच्या चौकात. मूळची माणसं चांदवडची. तिकडे कांद्याची रोपं लावायला आली की बाईची अडचण कुणी विचारत नव्हतं. वाकायचं आणि लावायचं. इथे दुकान चाललं, दोन मजली घर झालं, आणि आमची आजेसासू ठमाबाई शेजारणींचं बघून शिवाशिव शिकली. बाईची अडचण आली की तिनं स्वैपाकघरात यायचं नाही, देवाला शिवायचं नाही, माणसाला शिवायचं नाही. मागच्या अंगणात पत्र्याची खोली होती, मोटारींची रिकामी खोकी ठेवायला. चार दिवस तिथे बसायचं. ताट बाहेरून सरकवलं जाईल. ठमाबाईनं हा नियम घातला तेव्हा तिचं वय पंच्याहत्तर. आपल्याला लागू पडायचं वय टळलं की माणूस नियमाला फार पक्कं होतं.

मला त्या खोलीचा संताप यायचा. मी मालेगावची, मॅट्रिक झालेली. मी माहेरी असलं काही पाहिलं नव्हतं. आत्याबाईंना मात्र ती खोली माहेराहून जवळची. त्यांचं माहेर दिंडोरीचं, पण तिथे त्यांना वर्षाला चार दिवस मिळायचे, इथे महिन्याला. खोक्यांवर पोतं अंथरून भर दुपारी पाय पसरून झोपायच्या. अकरा माणसांचं घर, त्यात सतराव्या वर्षापासून राबणारी बाई. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते लग्नाच्या फोटोतही नाही.

घराचं गाडं चाललं होतं. त्यांची अडचण आली की चुलीशी मी, माझी आली की त्या. देवानं तारखा वेगळ्या दिल्या म्हणून माणसं जेवत होती.

मग एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांची पाळी गेली. ठमाबाई म्हणाली, "सुटली गं बाई एकदाची!" शेजारणीही तेच म्हणाल्या. आत्याबाई मोरीत तोंड धुवायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, तारुण्य गेलं म्हणून रडतायत. मी कशी येडी! त्यांची रजा गेली होती.

वर दुखणं आलं. बसल्या जागी अंग पेटायचं, दोन मिनिटांत घामानं चोळी भिजायची. लघवीला आग. आणि सकाळी पाटावर बसताना आधी हात टेकायचा, मग एका अंगावर बसायचं. एकाच घरात राहणाऱ्या बायकांना अशा गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. आधी महिन्यातून चार दिवस तरी हक्कानं वेगळं झोपता यायचं. आता तेही नाही, आणि वरून कोरड्या अंगाला ओरखडे. त्या नाही म्हणायला लागल्या. दुखतंय, म्हणायला लागल्या.

रावजींनी हे जाऊन कुणाला सांगावं? मेनरोडच्या डॉक्टरांना. दोघे पत्त्यांच्या अड्ड्यातले दोस्त. ऐंशी सालची दिवाळी तोंडावर आली होती. सासरे आत्याबाईंना घेऊन दवाखान्यात गेले, त्यांना बाहेर बाकावर खोकणाऱ्या माणसांत बसवलं आणि आपण आत गेले. वीस मिनिटं आत हसणं चालू होतं. बाहेर आले ते चिठ्ठी घेऊनच. डॉक्टरांनी ज्या बाईसाठी गोळ्या लिहिल्या, तिचा चेहरासुद्धा पाहिला नाही.

घरी येऊन सासऱ्यांनी हुकूम दिला, "एकवीस दिवस रोज एक घ्यायची, सात दिवस सोडायची. मग परत सुरू."

डॉक्टर एवढंच बोलले नव्हते. पण बाकीचं सासऱ्यांनी आपल्याजवळ ठेवलं. ते काय होतं हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

गोळ्यांचा गुण आला, हे कबूल करायला हवं. अंगातल्या वाफा गेल्या, लघवीची आग गेली, पाटावर बसणं सरळ झालं. आणि तिसऱ्या महिन्यात, गोळ्या सोडायच्या आठवड्यात, आत्याबाई स्वैपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबल्या. "सिंधू, आज तूच बघ गं बाई. मी बाहेरची झाले."

ठमाबाईनं कपाळाला हात लावला. रावजींनी पेढे आणले. खरंच आणले. दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आमची घरवाली परत पंचविशीत आली." आमचे हे त्याच दुकानात बसतात. घरी येऊन मान खाली घालून मला सांगत होते. रक्त बायकोचं, आणि पीळ सासऱ्यांच्या मिशीला! मी त्यातला पेढा खाल्ला नाही. फार मोठा निषेध केला, असं नाही. माझ्या वाटेचा कुणी ठेवलाच नव्हता.

आत्याबाई पत्र्याच्या खोलीत जाऊन झोपल्या.

आठ-नऊ महिने सगळं तारखेवर चाललं. मग चाराचे सहा झाले. सहाचे दहा झाले. मग गोळ्या चालू असतानाही मध्येच अडचण यायला लागली. ब्याऐंशी सालच्या जानेवारीपासून मी पिठाच्या डब्यामागच्या कॅलेंडरवर रेघा मारायला लागले. मार्च संपला तेव्हा रेघा मोजल्या. नव्वद दिवसांत सदतीस. त्यात माझी अडचण आली तरी त्या खोलीत त्याच. मग घराला जेवण शेजारच्या बाईकडून. तिचे उपकार, ठमाबाईचे टोमणे, आणि परत चुलीपाशी आले की आठवड्याची घासायची राहिलेली पातेली. माझं डोकं फिरलं. बावन्न वर्षांची बाई आणि सदतीस दिवस? ही बया खोटं बसतेय.

धाकट्या पोरीला लस टोचायला मी नगरपालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथे लताबाई नर्स होत्या. त्या पलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायच्या. बाई तोंडानं फटकळ, पण हाताला हलक्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"सिस्टर, एखादी बाई खोटीखोटी बाजूला बसत असली तर ओळखायचं कसं?"

लताबाई हसायला लागल्या. "कोण गं? तू?"

"मला कुठलं नशीब? सासू."

"सासूवर पाळत! छान. आमच्यात बाबासाहेबांच्या मागे गेलो नि हे बाजूला बसणंच सुटलं. नाहीतर मीही बसले असते आठ-आठ दिवस. वय किती त्यांचं?"

"बावन्न. गेली होती पाळी. गोळ्यांनी परत आणली."

लताबाईंचं हसू तिथेच थांबलं. "कसल्या गोळ्या?"

मी सांगितलं. पाकिटावरचं इंग्रजी नाव मला पाठ होतं.

"ह्याच्या जोडीला दुसरी गोळी देतात का? महिन्याच्या शेवटी, दहा-बारा दिवस?"

"नाही. एकच."

"आतून तपासलं कुणी?"

"सासरे जाऊन आले ना डॉक्टरांकडे."

"मग सासऱ्यांना तपासलं का आतून?" त्यांनी सुई इतक्या जोरात ट्रेमध्ये टाकली की रांगेतली पोरं रडायला लागली. "सिंधू, ती खोटं बोलत असेल तर तुला फक्त भाकरी जास्त पडतील. पण ती खरं बोलत असेल तर? पाळी गेल्यावर बाईला असं भलत्या वेळी रक्त जाणं म्हणजे पिशवीच्या आत काहीतरी वाढतंय. तो कॅन्सरही असू शकतो. आधी जाऊन बघ."

मी सासूची लबाडी पकडायला गेले होते. परत आले ती पोरीला खाली ठेवून सरळ मागच्या अंगणात गेले.

खोलीचं दार लोटलं. आत्याबाई पोत्यावर आडव्या होत्या. त्या किती पांढऱ्या पडल्यात हे मला तेव्हा दिसलं; इतके दिवस मी फक्त त्यांचं ताट पाहत होते. कोपऱ्यातली बादली मी उघडली. पाणी लाल, आणि त्यात काळजाच्या तुकड्यांसारख्या गाठी. खोटं काही नव्हतं.

"शिवू नको गं!" त्या उठून बसल्या.

मी त्यांचा हात धरला. "शिवले. आत्याबाई, हे कधीपासून?"

"दिवाळीपासून आसं चाललंय."

"आणि बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? बोलले की गोळ्या बंद. गोळ्या बंद की हे बंद. मग परत तुझ्या मामांच्या खाटेवर, तीस दिवस."

मामा म्हणजे रावजी, माझे सासरे.

"पण गोळ्यांनी दुखायचं कमी झालं ना?"

आत्याबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच नवी नवरी. "दुखणं कमी झालं गं. पर मन कुठं झालं? दुखत व्हतं तवा दुखतंय म्हणून तरी सांगता यायचं. आता काय सांगू? नको वाटतंय म्हणून सांगू? नको वाटतंय म्हणून कुणी सोडलंय का बाईला? गोळी आली नि माझं तेवढंच कारण गेलं. मग देवानं हे दुसरं दिलं."

"हे देवानं नाही दिलं. हा रोग आहे. लताबाई म्हणतात कॅन्सरसुद्धा असेल. मराल तुम्ही."

"मरंन. पर इथं मरंन. एकटी. पाय पसरून."

सदतीस दिवस मी ज्या बाईला मनात शिव्या घातल्या, तिची बादली मी उचलली आणि रिकामी करून आणली.

दुसऱ्या दिवशी सासरे जेवायला बसले तेव्हा मी दाराआड उभी राहिले. सासऱ्यांसमोर तोंड वर करून बोलायची आमच्यात चाल नाही, पण दाराआडून बोललं की ते बोलणं दाराचं.

"मामा, आत्याबाईंना लेडी डॉक्टरला दाखवायला हवं. रक्त फार जातंय."

"जायचंच. डॉक्टर म्हणलेच व्हते, जाईल थोडं."

"आणखी काय म्हणाले होते?"

त्यांनी भात कालवला. "म्हणले, सहा महिन्यांनी आणून दाखवा. रक्त भलत्या येळेला गेलं तर लगेच आणा. पर दाखवायला काय झालं व्हतं? बाई ठणठणीत. आन् तपासायला गेलो की त्यो गोळ्या बंद करनार. म्हंजे परत तेच रडगाणं, हिकडं दुखतंय, तिकडं दुखतंय."

मी दाराची कडी धरून उभी होते. विसरले असते तर समजले असते. ह्या माणसाला सगळं शब्दान् शब्द आठवत होतं. दीड वर्ष रोज आठवत होतं. बायकोच्या आत काहीतरी वाढतंय की नाही हे बघायचं, की आपली खाट ऊबदार ठेवायची? त्यानं विचार करून खाट निवडली होती. आणि वर ताक मागितलं.

मी ताक वाढलं. हेही लिहायला हवं. वाढलं.

मग खोलीत जाऊन आत्याबाईंना सांगितलं, एक शब्द कमी न करता.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, त्याला काय ठावं नाय. मीच लय हुशार. त्याच्या नाकाखालून दिवस चोरतेय." आणि एकदम उठल्या. "म्हंजे त्यानं माझा जीव टाकला व्हता, नि मी सुट्टी समजून बसले व्हते. चप्पल कुठंय माझी?"

चप्पल पुढच्या दारात होती. आत्याबाई सरळ स्वैपाकघरातून निघाल्या. माठाला, फडताळाला, देव्हाऱ्याला घासत. ठमाबाई किंचाळली, "अगं शिवली! सगळं बाटवलं! मालन, देव हाय तिथं!"

"आसू द्या. त्यानं बी बघावं."

लताबाईंना दवाखान्यातून उचललं आणि टांग्यानं तिघी सरकारी इस्पितळात गेलो. लेडी डॉक्टर वयानं माझ्याएवढी. तिनं आत्याबाईंना विचारलं, "काय होतंय?" आत्याबाईंनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नका बघू. तुमचं अंग आहे, तुम्ही सांगा."

पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. वाफा, आग, खाट, गोळ्या, खोली. बाहेरची रांग कुरकुरायला लागली तरी ती पोरगी ऐकत होती.

क्युरेटिंग झालं, म्हणजे पिशवी आतून खरवडली. पिशवीतला तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्टला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत रावजी घरात कुजबुजत बोलायचे, जणू भीती वाटायचा हक्क त्यांचाच होता. रिपोर्ट आला. कॅन्सर अजून नव्हता, पण वाट तीच होती. आणखी वर्षभर गेलं असतं तर काही सांगता आलं नसतं, असं लेडी डॉक्टर म्हणाली. पिशवी काढायची ठरली.

"ज्या बाईला पिशवी आहे, तिला ही गोळी एकटी अशी देत राहायची नसते," तिनं मला समजावलं. "आतलं अस्तर वाढत जातं. त्याला आवरणारी दुसरी गोळी द्यायची असते आणि मध्ये मध्ये तपासायचं असतं. पाच-सहा वर्षं झाली हे छापून आलंय."

छापून आलं असेल. मेनरोडला टपाल उशिरा पोचत असेल.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी रावजी वॉर्डात आले. खाटेजवळ उभे राहिले, बायकोच्या पायाला हात लावल्यासारखं केलं आणि लेडी डॉक्टरला कडेला घेऊन काहीतरी विचारलं. ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "तीन महिने अजिबात नाही. आणि त्यानंतर त्यांची मर्जी असेल तर." चाळीस बायकांनी माना वळवल्या. रावजी पंप बघायला जावं तशा घाईनं निघून गेले.

घरी सोडताना तिनं आत्याबाईंना एक मलम लिहून दिलं. "आता पिशवी नाही, तेव्हा हे थोडंसं चालेल. कोरडेपणा, लघवीची आग थांबेल. नवऱ्यासाठी देत नाहीये हे. तुम्हाला बसता-उठता बरं वाटावं म्हणून."

"नवऱ्यासाठी नाय?" आत्याबाईंनी परत विचारलं. आणि इतक्या हसल्या की टाके दुखले.

तीन महिने झाले. रावजींनी मोजलेच होते. त्या दिवशी लवकर घरी आले. आत्याबाई सकाळीच पोतं घेऊन पत्र्याच्या खोलीत गेल्या होत्या.

ठमाबाई काठी टेकत अंगणात गेली. "आगं मालन, तिथं काय करतीस?"

"बाहेरची झाले."

"काय यडी का खुळी? पिशवीच नाय ऱ्हायली, आन् कसली अडचण?"

"मला ठावं ना मला काय झालंय ते. खोटं वाटत आसंल तर या, शिवा मला. नि मग जा देवाला फुलं वाहायला."

ठमाबाईनं काठी पुढे केली, मागे घेतली. नियम तिचाच. बाई बाहेरची झाली आहे की नाही हे बाईच सांगणार, दुसरं कुणी बघू शकत नाही. आणि तपासायला हात लावला तर आपणच बाटणार. म्हातारी पाच मिनिटं उन्हात उभी राहिली आणि घरात आली. रावजी अंगणाच्या दारापर्यंत गेले. चपला काढल्या, परत घातल्या.

चार दिवस झाले, आठ झाले, महिना झाला. आत्याबाई उठल्या नाहीत. खोलीत खाट आली, पंखा आला. मलमाची ट्यूब त्यांनी मोटारीच्या खोक्यात ठेवली आणि दर आठवड्याला दोनदा, सांगितल्याप्रमाणे, लावत राहिल्या. अंगावर मूठभर मांस चढलं. लताबाई येऊन बसायच्या; दोघी चहा प्यायच्या आणि कशाला तरी खिदळायच्या. रावजींची मालेगावला कामं वाढली. आठवड्यातून एक मुक्काम तिकडेच; कुणाकडे, ते घरात कुणी विचारत नाही.

मला आनंद झाला. खरंच झाला, सहा-सात दिवस. मग माझी अडचण आली.

मी खोलीपाशी गेले. आत्याबाईंनी पाय आखडून जागा केली. "ये, बस."

मी टेकले नाही तोच आतून हाक आली. "सिंधे! भाकरी कोण टाकील?"

"आजी, मी बाहेरची झालेय."

घर गप्प झालं. अकरा माणसांच्या पोटाचं गप्प. मग ठमाबाईचा आवाज आला, एकदम मऊ. "डोक्यावरून न्हाऊन घे नि ये. चालतं. शेजारणीनं तरी किती दिस घालायचं? शहरात आता कोण पाळतंय?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी काही म्हणावं म्हणून थांबले. एक शब्द. त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्याजवळ एवढंच होतं, आणि त्यातलं वाटून द्यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मला हे कळतं. कळूनही राग जात नाही.

तर कुणी किती भरलं ते सांगते आणि थांबते. मेनरोडच्या डॉक्टरांनी काही भरलं नाही. दवाखान्याला नवी पाटी लागली. रावजींनी काही भरलं नाही. त्यांना मालेगाव आहे. ठमाबाईचा देव बाटला नाही, कारण जेवायची वेळ झाली की देवाचं काही म्हणणं नसतं. आत्याबाईंनी पिशवी दिली, आणि त्या सुटल्या. उरलेलं मी भरते आहे, महिन्याच्या महिन्याला, पोटात कळा येत असताना, चुलीशी उभी राहून.